गंभीर व्याधिग्रस्तांची दंतचिकित्सा

हृद्‌रोग, रक्तस्रावी रोग, मधुमेह, वृक्कविकार (मूत्रपिंडाचे विकार), कर्करोग इ. गंभीर व्याधी असलेल्या रुग्णांच्या दात, हिरड्या व जबडे यांच्या विकारांचा प्रतिबंध, निदान व उपचार यांचा विचार करणारे दंतवैद्यकाचे अंग. दात काढणे, मूळनलिकेची चिकित्सा करणे, किटण काढणे इ. क्रिया निरोगी व्यक्तीत किरकोळ मानल्या जातात. हृदयात कृत्रिम झडप बसविलेल्या, रक्तक्लथनविरोधी (रक्त गोठण्यास विरोध करणारी) औषधे घेणाऱ्या अथवा जबड्यावर प्रारण चिकित्सा झालेल्या रुग्णात त्याच क्रियांची आखणी निराळ्या पद्धतीने करावी लागते.

मुखाचे विकार व शरीराची व्याधी यांचा संबंध तीन प्रकारांनी येतो : (१) व्याधीची वा तिच्यावरील उपचारांची लक्षणे मुखात उद्‌भवतात, उदा., मधुमेहात हिरड्यांना होणारा शोथ (दाहयुक्त सूज) किंवा प्रारण चिकित्सेनंतर लाळ आटणे. (२) मुखातील संसर्ग रक्तामार्गे अथवा श्वासमार्गे अन्य इंद्रियांपर्यंत पोहोचतो. (३) दंतोपचारातील औषधे व शस्त्रक्रिया यांचा मूळ व्याधीशी वा तिच्यासाठी चालू असलेल्या औषधांशी विरोध येतो. दंतोपचारापासून या रुग्णांना असणारा धोका पूर्वतयारीने बहुधा आटोक्यात ठेवता येतो. उपचार पुढे ढकलत राहण्याचा किंवा चालू औषधे परस्पर बंद करण्याचा धोका मात्र पुष्कळदा त्याहून मोठा असतो. या विषयातील बहुतेक आधुनिक नियमांच्या मुळाशी हा अनुभव आहे.

ऐतिहासिक आढावा : मुखातील सूक्ष्मजंतूंचा पद्धतशीर अभ्यास करणारे विलबी डी. मिलर यांनी १८९१ मध्ये ‘मुख हे संसर्गाचे केंद्र आहे’, असा विचार मांडला. ब्रिटिश वैद्य विल्यम हंटर यांनी १९०० मध्ये व पुढे १९१० साली माँट्रिऑल येथे दिलेल्या व्याख्यानात अस्वच्छ मुख व सदोष दंतकाम यांच्याकडे अनेक रोगांचे कारण म्हणून बोट दाखविले. त्यातून ‘केंद्रस्थ संसर्गा’ची उपपत्ती प्रबळ झाली. संधिवातापासून मानसिक विकारांपर्यंत नाना व्याधींवर उपाय म्हणून असंख्य लोकांचे निरोगी दातही काढण्यात आले. दात गमावूनही रोग बरा होत नाही, असे आढळून आल्यावर १९४० च्या सुमारास ही लाट ओसरली. तथापि उपपत्तीतील सत्यांश टिकून राहिला. ओकेल व एलियट यांनी १९३५ मध्ये दात काढल्यानंतर मुखातील मालागोलाणू (साखळीसारखी रचना असलेले गोलाकार सूक्ष्मजंतू) रक्तात उतरतात, हे रक्ताच्या संवर्धनाने दाखवून दिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हृदयातील कृत्रिम झडपा, अपोहन (कृत्रिम रीत्या रक्तशुद्धी), इंद्रियांचे प्रतिरोपण आणि कर्करोगावरील प्रभावी औषधे उपलब्ध झाली. ज्या व्याधींत पूर्वी रुग्ण फार काळ जगत नसत, त्यांच्यासह आज ते अनेक वर्षे जगतात आणि त्यांचे दातही टिकून राहतात. त्यामुळे दंतवैद्याकडे येणाऱ्यांत अशा रुग्णांचे प्रमाण वाढले आहे.

पूर्वतपासणी : उपचारांपूर्वी रुग्णाचा सविस्तर पूर्वेतिहास घेणे ही पहिली पायरी होय. त्यात पूर्वीचे आजार, शस्त्रक्रिया, रुग्णालयातील वास्तव्य, अधिहृषता (विशिष्ट औषधांचे वावडे) आणि चालू औषधे यांची नोंद करतात. अनेक रुग्णांना औषधांची नावे सांगता येत नाहीत. ‘रक्त पातळ करण्याची गोळी’ एवढेच ते सांगतात. म्हणून सर्व गोळ्यांची पाकिटे व अलीकडील तपासण्यांचे अहवाल बरोबर आणण्यास सांगणे श्रेयस्कर असते. पुष्कळदा रुग्ण ‘दातांशी त्याचा काय संबंध’ असे समजून हृद्‌रोग किंवा फेफरे यांसारख्या विकारांचा उल्लेखही करीत नाही, म्हणून प्रत्येक व्याधीचे नाव घेऊन प्रश्न विचारणे आवश्यक असते. दोन जिने न थांबता चढता येतात का, उताणे झोपल्यावर धाप लागते का, या साध्या प्रश्नांवरून हृदय व फुप्फुसे यांच्या क्षमतेचा अंदाज येतो. रक्तदाब व नाडी पहिल्याच भेटीत मोजतात. शुद्धिहरणतज्ञांनी १९४१ मध्ये सुरू केलेली शारीरिक स्थितीची वर्गवारी पुढे सुधारण्यात आली असून तिच्यात आता सहा वर्ग आहेत. दंतचिकित्सेतही जोखीम ठरविण्यासाठी तिचा उपयोग करतात.

रुग्णाच्या नेहमीच्या वैद्याशी पत्रव्यवहार ही दुसरी पायरी होय. ‘या रुग्णाचे दात काढण्यास हरकत नाही ना?’ अशा मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर मिळते. किती व कोणते दात काढावयाचे आहेत, रक्तस्राव किती अपेक्षित आहे, कोणते स्थानीय संवेदनाहारक (ठराविक भाग बधिर करणारे औषध) वापरले जाईल, ही माहिती दंतवैद्याने कळवावी. व्याधी आटोक्यात आहे का, शेवटच्या तपासण्यांचे आकडे काय आहेत व औषधांत काही बदल करावयाचा आहे का, हे त्याने विचारावे. औषध थांबविण्याचा निर्णय ते ज्याने सुरू केले त्याच्याशी विचारविनिमय केल्यावाचून घेऊ नये.

हृद्‌रोग : हृदयाच्या संदर्भात सर्वांत अधिक चर्चिला गेलेला धोका म्हणजे हृदयाच्या आतील अस्तराचा व झडपांचा सूक्ष्मजंतुजन्य शोथ हा होय. विकृत किंवा कृत्रिम झडपेवर रक्तातील सूक्ष्मजंतू रुजतात, झडप नष्ट होऊ लागते आणि उपचार करूनही काही रुग्ण दगावतात. हा शोथ टाळण्यासाठी दंतोपचारापूर्वी प्रतिजैव औषध द्यावे, अशी शिफारस अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९५५ मध्ये प्रथम केली. दीर्घकाळ जवळजवळ प्रत्येक झडपविकारात ती पाळली जात असे. चघळणे व दात घासणे या रोजच्या क्रियांतही सूक्ष्मजंतू वारंवार रक्तात उतरतात. वर्षभराचा विचार करता ही बेरीज एखाद्या दंतोपचारापेक्षा कितीतरी मोठी असते, हे पुढे लक्षात आले. म्हणून २००७ मध्ये या संस्थेने शिफारस फार संकुचित केली. कृत्रिम झडप असलेले, पूर्वी असा शोथ होऊन गेलेले, विशिष्ट जन्मजात हृद्‌दोष असलेले आणि हृदयाच्या प्रतिरोपणानंतर झडपदोष उद्‌भवलेले, अशा सर्वाधिक जोखमीच्या रुग्णांपुरतीच ती आता मर्यादित आहे. अशा प्रौढांना हिरडी वा दाताच्या मूळाग्राचा भाग दुखावणाऱ्या क्रियेपूर्वी ३० ते ६० मिनिटे ॲमॉक्सिसिलीन २ ग्रॅ. एकदाच तोंडाने देतात. मुलांना हे प्रमाण वजनाच्या दर किग्रॅ.ला ५० मिग्रॅ. असे असते. पेनिसिलिनाचे वावडे असणाऱ्यांना पूर्वी क्लिंडामायसीन देत असत. त्याच्या गंभीर दुष्परिणामांमुळे २०२१ मध्ये ते या यादीतून वगळण्यात आले. ब्रिटनमध्ये २००८ पासून असे औषध सरसकट देऊ नये, असे धोरण आहे.

भारतात संधिज्वरामुळे झडपा विकृत झालेल्या रुग्णांची संख्या मोठी असून त्यांपैकी अनेकांना तरुण वयातच कृत्रिम झडप बसवावी लागते. तिरुअनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत विकसित झालेल्या भारतीय बनावटीच्या झडपेचे पहिले रोपण १९९० मध्ये झाले. संधिज्वर पुन्हा होऊ नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनाचे अंतःक्षेपण (इंजेक्शन) घेणाऱ्या रुग्णांच्या मुखातील मालागोलाणू त्या औषधाला दाद देईनासे झालेले असू शकतात. त्यांच्यासाठी दुसऱ्या गटातील प्रतिजैव निवडतात. झडपेच्या शस्त्रक्रियेपूर्वीच किडलेले दात व पू झालेल्या हिरड्या यांचे उपचार पूर्ण करणे आणि नंतर मुख आयुष्यभर स्वच्छ ठेवणे, हे एखाद्या दिवशी घेतलेल्या गोळीपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

हृदयाच्या रक्तपुरवठ्यातील दोषामुळे झटका येऊन गेलेल्या रुग्णात तातडीचे नसलेले दंतोपचार सहा महिने पुढे ढकलण्याचा पूर्वी प्रघात होता. आता हृदयाची स्थिती स्थिर असल्यास वैद्याच्या सल्ल्याने एवढे थांबण्याची गरज मानली जात नाही. पहिल्या चार ते सहा आठवड्यांत मात्र वेदना व संसर्ग यांचे शमन एवढेच काम करतात. संवेदनाहारकात मिसळलेल्या ॲड्रेनॅलिनाविषयी अनेकदा अवास्तव भीती बाळगली जाते. त्यामुळे बधिरता दीर्घकाळ टिकते. अपुऱ्या बधिरतेमुळे रुग्णाला वेदना झाल्यास त्याच्या स्वतःच्या अधिवृक्क ग्रंथी टोचलेल्या औषधाहून पुष्कळ अधिक ॲड्रेनॅलीन रक्तात सोडतात. हृद्‌रोग्यात एका भेटीत ॲड्रेनॅलिनाची मात्रा ०·०४ मिग्रॅ.पेक्षा अधिक होऊ देत नाहीत. १ : ८०,००० या प्रमाणाच्या द्रावणाचे सु. ३ मिलि. एवढ्यातच ती भरते. रक्तदाब १८०/११० मिमी. किंवा त्याहून जास्त असल्यास तातडीचे नसलेले काम थांबवून रुग्णास वैद्याकडे पाठवितात. हृदय दुर्बल असलेल्या रुग्णास खुर्चीत पूर्ण आडवे करीत नाहीत. रक्तदाबावरील औषधे घेणाऱ्यांना काम संपल्यावर सावकाश उठवून बसवितात, अन्यथा भोवळ येते. निफेडिपीन, ॲम्लोडिपीन यांसारख्या औषधांमुळे हिरड्या वाढतात. अशा वेळी औषध बदलता येईल का, हे वैद्याला विचारणे इष्ट असते [⟶ हृद्‌रोग].

रक्तस्राव व रक्तक्लथनविरोधी औषधे : कृत्रिम धातूची झडप, हृदयाची अनियमित स्पंदने (अलिंद तंतुकंपन), पायाच्या नीलांमधील क्लथन (रक्ताची गुठळी) इ. कारणांसाठी वॉर्फरिन किंवा तत्सम औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. दात काढण्यापूर्वी ती काही दिवस बंद करण्याची पद्धत सर्वत्र रूढ होती व अजूनही काही ठिकाणी आढळते. तीमागील हिशेब चुकीचा आहे. दाताच्या खोबणीतून होणारा रक्तस्राव डोळ्यांना दिसणारा व हाताने दाबता येणारा असतो. औषध बंद केल्यामुळे झडपेवर किंवा मेंदूच्या रोहिणीत गुठळी झाल्यास ती दिसत नाही आणि तिच्यामुळे पक्षाघात वा मृत्यू ओढवू शकतो. म्हणून वॉर्फरिन चालू ठेवूनच दात काढणे हा आजचा सर्वमान्य नियम आहे. त्यासाठी रक्तक्लथनाला लागणाऱ्या कालावधीवरून काढलेले आंतरराष्ट्रीय प्रमाणित गुणोत्तर (आयएनआर) शस्त्रक्रियेपूर्वी २४ तासांच्या आत, स्थिर रुग्णात ७२ तासांच्या आत, पाहतात. ते ४ पेक्षा कमी असल्यास साधे दात काढता येतात. एका भेटीत मोजकेच दात काढणे, खोबणीत ऑक्सिडीकृत सेल्युलोज भरणे, टाके घालणे व गॉजची घडी २० ते ३० मिनिटे घट्ट चावून धरण्यास सांगणे, या उपायांनी स्राव थांबतो. ट्रॅनेक्झॅमिक अम्लाच्या ५ टक्के द्रावणाने तोंड धुण्याची उपयुक्तता १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आली. असे काम सकाळी व आठवड्याच्या सुरुवातीस करतात, म्हणजे पुन्हा रक्त आल्यास मदत मिळू शकते.

डॅबिगाट्रान, रिव्हरॉक्सॅबॅन, ॲपिक्सॅबॅन ही अलीकडील औषधे २०१० नंतर प्रचारात आली. त्यांचा परिणाम वरील गुणोत्तराने मोजता येत नाही, पण तो काही तासांतच ओसरतो. त्यामुळे साध्या कामासाठी ती बंद करीत नाहीत. रक्तस्राव अधिक संभवत असल्यास वैद्याच्या सल्ल्याने त्या सकाळची मात्रा वगळतात किंवा उशिरा देतात. ॲस्पिरिनाचा बिंबाणूंवरील (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या कणांवरील) परिणाम त्यांच्या आयुष्यभर, म्हणजे ७ ते १० दिवस, टिकतो. हृद्‌रोहिणीत जाळीची नळी (स्टेंट) बसविलेल्या रुग्णात ॲस्पिरीन व क्लोपिडोग्रेल ही दोन्ही औषधे एकत्र चालू असतात. ती मुदतीपूर्वी थांबविल्यास नळी अकस्मात बंद होऊन प्राणघातक झटका येऊ शकतो. म्हणून अमेरिकेतील हृद्‌रोग व दंतवैद्यक संघटनांनी २००७ मध्ये एकत्रितपणे त्याविरुद्ध इशारा दिला.

वॉर्फरिन घेणाऱ्या रुग्णास दंतवैद्याने दिलेली औषधेही घातक ठरू शकतात. मेट्रोनिडाझोल आणि मुखातील बुरशीवर लावावयाचे मायकोनाझोल यांमुळे वॉर्फरिनाचा परिणाम पुष्कळ वाढतो. दातदुखीसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामकांमुळे जठरातून रक्तस्राव होण्याचा संभव असतो. अशा रुग्णास पॅरासिटामॉल योग्य मात्रेत देणे सुरक्षित समजतात.

हीमोफिलियात (जन्मजात रक्तस्रावी रोगात) रक्तक्लथनास आवश्यक असा आठवा किंवा नववा घटक कमी असतो. खालच्या जबड्यातील तंत्रिका बधिर करण्यासाठी खोलवर सुई टोचल्यास या रुग्णात घशाच्या बाजूच्या पोकळीत रक्त साचून श्वासमार्ग बंद होऊ शकतो. म्हणून आवश्यक तो घटक दिल्याशिवाय असे अंतःक्षेपण करीत नाहीत. वरवरच्या बधिरीकरणाने दात भरणे मात्र बहुधा शक्य असते. दात काढावयाचा असल्यास रक्तविकारतज्ञाच्या देखरेखीखाली घटक देऊन त्याची रक्तातील पातळी वाढवितात. बिंबाणूंची संख्या दर घन मिमी. रक्तात ५०,००० पेक्षा कमी असल्यास, तातडी नसेल तर, दात काढणे टाळतात. मुलाच्या हिरडीतून विनाकारण किंवा दात पडल्यावर दीर्घकाळ रक्त येत राहणे हे रक्तस्रावी रोगाचे पहिलेच लक्षण असू शकते [⟶ रक्तस्रावी रोग].

मधुमेह : मधुमेह व परिदंत ऊतकांचा (दातांना आधार देणाऱ्या भागांचा) शोथ यांचा संबंध दुहेरी आहे. रक्तातील ग्लुकोज अनियंत्रित असताना संसर्गास होणारा प्रतिकार मंदावतो, जखम भरण्यास वेळ लागतो, हिरड्यांतून पू येतो आणि दात हलू लागतात. हॅरल्ड लो यांनी १९९३ मध्ये या शोथाला मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटले. उलटपक्षी, हिरड्यांमधील चिरकारी संसर्गामुळे इन्शुलिनाचे कार्य बिघडते. हिरड्यांचे उपचार केल्यावर ग्लायकोसिलीकृत हीमोग्लोबिनाचे (मागील सु. तीन महिन्यांतील ग्लुकोजाची सरासरी दर्शविणाऱ्या घटकाचे) प्रमाण तीन-चार महिन्यांत सु. ०·४ टक्क्याने कमी होते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसून आले आहे. ही घट लहान भासली, तरी एखादे जादा औषध दिल्याने होणाऱ्या घटीशी ती तुलनीय आहे.

दंतवैद्याच्या खोलीत मधुमेही रुग्णास तात्काळ धोका असतो तो ग्लुकोज वाढण्याचा नव्हे, तर घटण्याचा. इन्शुलीन वा गोळी घेऊन, पण ‘दात काढायचा आहे’ म्हणून उपाशीपोटी आलेला रुग्ण बराच वेळ ताटकळला, तर त्यास घाम सुटणे, कंप, गोंधळलेपणा व शेवटी बेशुद्धी येऊ शकते. म्हणून अशा रुग्णास सकाळी, न्याहारी व नेहमीचे औषध घेतल्यानंतर बोलावितात व प्रथम तपासतात. ग्लुकोज १०० मिलि. रक्तात ७० मिग्रॅ.पेक्षा कमी आढळल्यास शुद्धीवर असलेल्या रुग्णास तीन-चार चमचे साखर पाण्यातून देतात. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही घालीत नाहीत. त्यास ग्लुकोज नीलेतून देतात. दाताच्या मुळाशी गळू झाले असल्यास साखर आटोक्यात येईपर्यंत थांबणे योग्य नसते, कारण गळू असेपर्यंत साखर आटोक्यात येणे कठीण असते. पूचा निचरा करणे आणि इन्शुलिनाची मात्रा वाढविणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात. खालच्या दाढेचा संसर्ग जिभेखाली व हनुवटीखाली पसरून दोन्ही बाजूंना कठीण सूज आल्यास (लुटव्हिग यांनी १८३६ मध्ये वर्णिलेला विकार) श्वासमार्ग बंद होण्याची भीती असते. अशा रुग्णास ताबडतोब रुग्णालयात हलवितात.

कोव्हिड-१९ च्या साथीच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, महाराष्ट्र व गुजरात यांसह अनेक राज्यांत म्यूकरमायकोसिस (‘काळी बुरशी’) या कवकजन्य रोगाचे असंख्य रुग्ण आढळले. त्यांपैकी बहुतेकांना मधुमेह होता व अनेकांना स्टेरॉइड औषधे देण्यात आली होती. वरच्या जबड्यातील दात एकाएकी हलू लागणे, टाळूवर काळसर व्रण पडणे, गाल बधिर होणे ही लक्षणे घेऊन काही रुग्ण प्रथम दंतवैद्याकडेच गेले. असा हलणारा दात नेहमीचा समजून काढल्यास निदानाचा मोलाचा वेळ वाया जातो. त्या वर्षीच्या मे महिन्यात केंद्र शासनाने हा रोग अधिसूचनीय करण्यास राज्यांना सांगितले [⟶ मधुमेह].

वृक्कविकार व यकृतविकार : वृक्के निकामी झालेल्या रुग्णाच्या श्वासास अमोनियासारखा दर्प येतो, तोंड कोरडे पडते व जबड्याचे हाड विरळ होते. अपोहनाच्या वेळी हेपारीन हे रक्तक्लथनविरोधी औषध देतात. त्याचा परिणाम ओसरलेला असावा आणि रुग्णास थकवा नसावा, यासाठी अपोहनाच्या दुसऱ्या दिवशी दंतोपचार करतात. अपोहनासाठी नीला व रोहिणी जोडलेल्या हातावर रक्तदाब मोजत नाहीत. शोथरोधी वेदनाशामकांमुळे उरलेले वृक्ककार्यही नष्ट होऊ शकते, म्हणून ती टाळतात. वृक्काच्या प्रतिरोपणापूर्वी मुखातील संसर्गाची सर्व केंद्रे नाहीशी करणे आवश्यक असते, कारण नंतर घ्याव्या लागणाऱ्या प्रतिरक्षादमनकारी औषधांमुळे साधा संसर्गही उग्र रूप धारण करतो. त्यांपैकी सायक्लोस्पोरिनामुळे हिरड्या वाढतात. यकृतसूत्रणरोगात (यकृताच्या ऊतकाचे तंतुमय ऊतकात रूपांतर होणाऱ्या रोगात) रक्तक्लथनाचे घटक व बिंबाणू दोन्ही कमी होतात. म्हणून दात काढण्यापूर्वी दोहोंची तपासणी करतात. पॅरासिटामॉलाची दैनिक मात्राही अशा रुग्णात सु. २ ग्रॅ.पर्यंतच ठेवतात.

कर्करोग : तंबाखू, गुटखा व सुपारी यांच्या सेवनामुळे मुखाचा कर्करोग हा भारतीय पुरुषांत अग्रक्रमाने आढळणारा कर्करोग आहे. सुपारीमुळे गालाचे व टाळूचे अस्तर ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. या विकाराचे (मुखाच्या अधःश्लेष्मल तंतुमयतेचे) वर्णन मुंबईतील शां. गं. जोशी यांनी १९५३ मध्ये केले. असे तोंड कर्करोगाच्या उपचारांपूर्वीच दंतोपचारांना अवघड झालेले असते.

मुख व घसा यांच्या कर्करोगावर प्रारण चिकित्सा केल्याने लाळग्रंथी निकामी होतात. लाळ दातांचे नैसर्गिक संरक्षण करते; ती आटल्यावर काही महिन्यांतच हिरडीलगत दात किडू लागतात व मोडून पडतात. त्याहून गंभीर परिणाम म्हणजे जबड्याच्या हाडातील रक्तवाहिन्या अरुंद होऊन त्याची जखम भरून काढण्याची शक्ती कायमची कमी होते. अशा हाडातील दात काढल्यास खोबण भरत नाही, हाड उघडे पडते, कुजते व कधीकधी मोडते. क्लॉद रेगो यांनी १९२२ मध्ये वर्णन केलेल्या या प्रारणजन्य अस्थिमृत्यूचा धोका ६० ग्रे किंवा त्याहून अधिक मात्रा मिळालेल्या खालच्या जबड्यात सर्वाधिक असतो व तो वर्षे उलटली तरी नाहीसा होत नाही. येथे कामाचा क्रम निर्णायक ठरतो. टिकणार नाहीत असे दात प्रारण चिकित्सेपूर्वी काढून जखम भरण्यास दोन ते तीन आठवडे द्यावे लागतात. कर्करोगाचे निदान ऐकून हादरलेल्या कुटुंबाला या वेळी दातांचा विचार गौण वाटणे स्वाभाविक आहे. मात्र हीच संधी हुकल्यास पुढे आयुष्यभर प्रत्येक किडलेला दात हा धोका बनतो. चिकित्सेनंतर रोज फ्ल्युओराइडाचा लेप दातांवर लावणे, पाण्याचे घोट वारंवार घेणे, गोड पदार्थ टाळणे व तोंड उघडण्याचे व्यायाम करणे आवश्यक असते. किडलेला दात शक्यतो काढण्याऐवजी मूळनलिका चिकित्सेने टिकवितात.

कर्करोगावरील रासायनिक चिकित्सेत प्रत्येक आवर्तनानंतर ७ ते १४ दिवसांच्या सुमारास श्वेत कोशिका व बिंबाणू सर्वांत कमी होतात. त्या काळात मुखाला व्रण पडतात व बुरशी वाढते. दंतोपचार आवर्तनापूर्वी किंवा रक्तातील कोशिका पूर्ववत झाल्यावर करतात. मऊ ब्रश व साधे मिठाचे वा सोड्याचे पाणी यांनी मुख स्वच्छ ठेवतात. फ्ल्युओरोयुरॅसिलासारखे औषध नीलेतून देताना तोंडात बर्फाचे खडे धरल्यास व्रण कमी पडतात.

हाडात पसरलेला कर्करोग व अस्थिविरलता यांवर बिस्फॉस्फोनेट वर्गातील औषधे देतात. झोलेड्रॉनिक अम्लासारख्या औषधांनंतर जबड्याचे हाड उघडे पडून कुजते, असे रॉबर्ट मार्क्स यांनी २००३ मध्ये निदर्शनास आणले. या विकृतीचे चित्र एकोणिसाव्या शतकातील आगपेट्यांच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसामुळे कामगारांना होणाऱ्या जबड्याच्या अस्थिमृत्यूशी मिळतेजुळते आहे. त्याचे वर्णन व्हिएन्नाचे लोरिंझर यांनी १८४५ मध्ये केले होते व १९०६ च्या बर्न करारान्वये आगपेट्यांत पांढऱ्या फॉस्फरसाच्या वापरास बंदी करण्यात आली. कर्करोगासाठी नीलेतून मोठ्या मात्रा घेणाऱ्यांत हा धोका अधिक असतो, तर अस्थिविरलतेसाठी गोळ्या घेणाऱ्यांत तो फारच कमी असतो. म्हणून ही औषधे सुरू होण्यापूर्वीच दातांची तपासणी करणे इष्ट ठरते [⟶ कर्करोग, प्रारण चिकित्सा].

प्रतिरक्षान्यूनता व स्टेरॉइड औषधे : दीर्घकाळ स्टेरॉइड औषधे घेणाऱ्यांच्या अधिवृक्क ग्रंथींचे कार्य मंदावलेले असते. त्यांनी दंतोपचाराच्या दिवशी नेहमीची मात्रा चुकवू नये. साध्या कामासाठी ती वाढविण्याची सहसा गरज नसते. एचआयव्ही संसर्गात मुखातील पांढरी बुरशी व हिरड्यांचा तीव्र शोथ ही लक्षणे निदानास साह्यभूत ठरतात. नियमित औषधे घेणाऱ्या अशा रुग्णाचे बहुतेक दंतोपचार नेहमीप्रमाणे करता येतात. हातमोजे, मुखपट्टी व उपकरणांचे निर्जंतुकीकरण ही दक्षता सर्वच रुग्णांच्या बाबतीत सारखी घ्यावयाची असते. यकृतशोथ ब या रोगाच्या विषाणूविरुद्ध दंतवैद्याने लस टोचून घेणे आवश्यक आहे. संसर्गाच्या कारणावरून उपचार नाकारणे भारतात २०१७ च्या एचआयव्ही व एड्‌सविषयक कायद्यान्वये निषिद्ध आहे.

तंत्रिका तंत्राचे विकार व अंथरुणास खिळलेले रुग्ण : अपस्मारावरील फेनिटॉइनामुळे हिरड्या वाढतात, हे १९३९ मध्ये किंबॉल यांनी नोंदविले. दातांवर किटण साचू न दिल्यास ही वाढ पुष्कळ कमी राहते. पक्षाघात, कंपवात व बुद्धिभ्रंश यांमध्ये रुग्णास स्वतःचे दात घासता येत नाहीत आणि गिळण्याची क्रियाही सदोष असते. मुखातील सूक्ष्मजंतूंनी दूषित लाळ फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. जपानमधील ११ शुश्रूषागृहांत दोन वर्षे केलेल्या अभ्यासात ज्यांचे मुख परिचारक नियमितपणे स्वच्छ करीत त्यांच्यापैकी ११ टक्के, तर इतरांपैकी १९ टक्के वृद्धांना न्यूमोनिया झाला. प्रत्येक जेवणानंतर मऊ ब्रशने दात व जीभ पुसणे आणि रात्री कवळी काढून ठेवणे, हे घरच्या माणसाला जमण्यासारखे उपाय आहेत. ब्रश करताना रुग्णास बसते करून मान किंचित पुढे झुकवितात.

सद्यःस्थिती : भारतात दंतवैद्यकाच्या व्यवसायाचे नियमन १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने सुरू झाले. दंत महाविद्यालयांतून मुखवैद्यक व मुखशल्यचिकित्सा हे विषय शिकविले जातात आणि मोठ्या रुग्णालयांतून दंतविभाग आहेत. मुंबईतील टाटा मेमोरियल (स्थापना १९४१) यांसारख्या कर्करोग रुग्णालयांत दंतवैद्य हा उपचारक पथकाचा घटक असतो. बहुसंख्य दंतवैद्य मात्र स्वतंत्र खाजगी दवाखान्यांतून, वैद्यांच्या निकट संपर्काविना काम करतात. त्यामुळे गंभीर व्याधीचा रुग्ण पुष्कळदा दोघांमध्ये अडकतो. दंतवैद्य ‘आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा’ म्हणून त्यास परत पाठवितो, वैद्य ‘सध्या दातांचे राहू द्या’ असे सांगतो आणि मधल्या काळात गळू वाढत राहते. अखेरीस जो दात वर्षभरापूर्वी भरता आला असता, तो रात्री-अपरात्री, तापलेल्या व थकलेल्या रुग्णात, सर्वांत प्रतिकूल स्थितीत काढावा लागतो.

हे टाळण्यासाठी रुग्ण, वैद्य व दंतवैद्य यांपैकी प्रत्येकाने काही गोष्टी पाळणे आवश्यक आहे. रुग्णाने आपल्या व्याधी व औषधे यांची लेखी यादी जवळ बाळगावी, व्याधीचे निदान होताच दात तपासून घ्यावेत आणि दुखत नसतानाही दर सहा महिन्यांनी किंवा सल्ल्याप्रमाणे त्याहून लवकर तपासणी करावी. वैद्याने झडपेची शस्त्रक्रिया, प्रतिरोपण, प्रारण चिकित्सा व बिस्फॉस्फोनेट औषधे यांपूर्वी रुग्णास दंतवैद्याकडे पाठवावे. दंतवैद्याने प्राणवायू, ॲड्रेनॅलीन, ग्लुकोज, ॲस्पिरीन, जिभेखाली ठेवावयाची नायट्रोग्लिसरिनाची गोळी व दम्यावरील फवारा एवढी सामग्री जवळ ठेवून ती वापरण्याचा सराव ठेवावा. भेटी थोडक्या वेळाच्या असाव्यात, बधिरता पूर्ण असावी आणि जे काम रुग्णालयातच करणे योग्य, ते तेथेच करावे. व्याधीच्या गांभीर्यावरून उपचाराची वेळ, जागा व पद्धत ठरते. त्या कारणासाठी उपचार नाकारणे मात्र समर्थनीय ठरत नाही.